सांगली जिल्ह्यात रेपो दर कुठवर पोहोचतो : अभ्यासाची मांडणी कशी करावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगली जिल्ह्यातल्या एकूण बँक कर्जाचे तिमाही आकडे रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरून घेतले, शेजारी रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं अल्पमुदतीचा पैसा देते तो) मांडला आणि रिग्रेशन (एका आकड्याचा दुसऱ्याशी संबंध मोजण्याची संख्याशास्त्रीय पद्धत) चालवलं. गुणांक शून्याच्या जवळ आला. मग 'मौद्रिक धोरणाचा आपल्या भागावर परिणाम होत नाही' असं प्रबंधात लिहावं का? आणि बँकांची रचना या अभ्यासात कुठे बसवायची?

असं लिहू नका. शून्य आलंय ते दोन कारणांनी. जिल्ह्यातल्या कर्ज देणाऱ्या बऱ्याच संस्था त्या आकड्यात नाहीतच. आणि ज्या आहेत त्यांची कर्जं रेपोला इतक्या वेगवेगळ्या रीतीनं प्रतिसाद देतात की बेरजेत सगळं एकमेकांत बुडून जातं. आपल्याकडे बँकांची रचना हाच अभ्यासाचा विषय आहे, तिला शेवटच्या रकान्यातला एक नियंत्रक चल म्हणून ठेवून भागणार नाही.

आधी आकड्यांची व्याप्ती पाहू. रिझर्व्ह बँकेचं जिल्हावार ठेवी-कर्जाचं तिमाही प्रकाशन हे अनुसूचित (रिझर्व्ह बँकेच्या अनुसूचीत नाव असलेल्या) व्यापारी बँकांचं असतं. सरकारी, खासगी, ग्रामीण आणि स्मॉल फायनान्स बँका त्यात येतात. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक येत नाही, नागरी सहकारी बँका येत नाहीत, विकास सोसायट्या (गावपातळीवर पीककर्ज देणाऱ्या सहकारी संस्था) नाहीत, पतसंस्था तर नाहीतच. सहकाराचं जाळं विरळ असलेल्या जिल्ह्याचा अभ्यास करताना ही गळती कदाचित खपून जाईल. वाळवा, तासगाव, पलूस आणि शेजारच्या सातारा जिल्ह्यातले कराड, फलटण या पट्ट्यात ती खपत नाही, कारण इथलं पीककर्ज सोसायटीमार्फत चालतं आणि बाजारपेठेतला व्यापारी पिढ्यानपिढ्या नागरी बँकेचा सभासद असतो.

म्हणून दुसरा स्रोत घ्या : राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या तिमाही बैठकांची टिपणं. महाराष्ट्रात या समितीची संयोजक बँक ऑफ महाराष्ट्र आहे. त्यातल्या तक्त्यांत जिल्हा बँकेचे आकडे मिळतात, वार्षिक पतपुरवठा आराखड्याचं उद्दिष्ट आणि प्रत्यक्ष वाटपही मिळतं. जिल्ह्याच्या पातळीवर हेच काम अग्रणी बँकेचं कार्यालय करतं. सांगलीसाठी ती बँक ऑफ इंडिया, साताऱ्यासाठी बँक ऑफ महाराष्ट्र. अग्रणी जिल्हा व्यवस्थापकांकडे लेखी विनंती आणि विभागप्रमुखांचं पत्र घेऊन जा. तालुकावार माहिती मिळण्याची शक्यता तिथेच सर्वांत जास्त. नागरी बँका आणि पतसंस्थांसाठी मात्र त्यांचे वार्षिक अहवाल एकेक करून गोळा करण्याला पर्याय नाही. त्याविषयी पुढे सविस्तर.

आता रेपो कोणत्या दारातून आत येतो ते बघा.

व्यापारी बँकांचं घरकर्ज, वाहनकर्ज आणि सूक्ष्म-लघु उद्योगांचं तरत्या दराचं नवं कर्ज १ ऑक्टोबर २०१९ पासून बाह्य मानदंडाशी, म्हणजे बँकेबाहेर ठरणाऱ्या दराशी, जोडणं सक्तीचं झालं. मध्यम उद्योगांची भर १ एप्रिल २०२० पासून पडली. बहुतेक बँकांनी मानदंड म्हणून रेपोच निवडला. दर किमान तीन महिन्यांतून एकदा बदलायलाच हवा. म्हणजे कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या लघुउद्योजकाचं खातं व्यापारी बँकेत असेल, तर रेपो उतरल्यावर फार तर एका तिमाहीत त्याचा दर हलतो. त्या आधीच्या एमसीएलआर पद्धतीत (बँकेनं स्वतः काढलेला आधार दर, १ एप्रिल २०१६ पासून) हेच व्हायला वर्ष लागू शकायचं, कारण दर वर्षातून एकदाच बदलण्याची मुभा होती आणि एमसीएलआर स्वतःच बँकेच्या निधीच्या खर्चावरून निघतो. मोठ्या कंपन्यांची आणि शेतीची बरीच कर्जं आजही त्या किंवा अन्य अंतर्गत दरावर आहेत, कारण सक्ती त्यांना लागू नाही.

नागरी सहकारी बँकांनाही ती लागू नाही. इथे अनेक अभ्यासक 'सहकारी बँका अकार्यक्षम आहेत म्हणून दर उतरवत नाहीत' असं एका वाक्यात लिहून पुढे जातात. ते चुकीचं आहे आणि त्या बँकांवर अन्यायही आहे. कारण ताळेबंदात आहे. एका मध्यम नागरी बँकेचा हिशेब मांडू. ठेवी १०० कोटी. त्यातल्या चालू आणि बचत २५ कोटी, मुदत ठेवी ७५ कोटी. कर्जं ६५ कोटी. रेपो १ टक्क्यानं उतरला, म्हणून बँकेनं नव्या मुदत ठेवींचा दरही १ टक्क्यानं उतरवला. पण जुन्या ठेवी ठरलेल्या दरानं मुदत संपेपर्यंत चालणार. वर्षभरात ४० टक्के मुदत ठेवींचं नूतनीकरण होतं आणि ते वर्षभर सारखं पसरलेलं आहे असं धरा. तर पहिल्या वर्षी व्याजखर्चात बचत किती? ७५ कोटींचे ४० टक्के म्हणजे ३० कोटी, त्यावर १ टक्का म्हणजे ३० लाख, आणि सरासरी अर्धंच वर्ष मिळतं म्हणून १५ लाख. उलट ६५ कोटींची सगळी कर्जं रेपोला जोडलेली असती तर व्याज उत्पन्नात ६५ लाखांची घट झाली असती. फरक ५० लाखांचा, आणि १०० कोटी ठेवींच्या बँकेचा निव्वळ नफा कित्येकदा त्याच घरात असतो.

व्यापारी बँकेला हाच धक्का बसतो, पण तिच्याकडे पगाराची खाती, सरकारी खाती, चालू खात्यांतला बिनव्याजी पैसा असतो. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या तरलता खिडकीतून (बँकांना अल्पमुदतीचा पैसा देण्याची सोय) आणि कॉल बाजारातून (बँका एकमेकींना रात्रभरासाठी पैसा देतात तो बाजार) ती रोजच्या दरानं पैसा उचलू शकते. बिगर-अनुसूचित नागरी बँकेला त्या खिडकीत प्रवेश नाही. तिचा कच्चा माल म्हणजे निवृत्त शिक्षक, व्यापारी आणि शेतकरी यांच्या एक ते तीन वर्षांच्या ठेवी, आणि त्या टिकवण्यासाठी तिला मोठ्या बँकेपेक्षा थोडा जास्त दर द्यावा लागतो. दर उतरवला की ठेवीदार पलीकडच्या पतसंस्थेत जाण्याची भीती असते. पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली चालते, रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली नाही, आणि तिथल्या ठेवीला ५ लाखांचं ठेव विमा संरक्षणही नाही. तरीही अर्धा-एक टक्का जास्त मिळतो म्हणून, आणि पिग्मी एजंट रोज दारात येतो म्हणून, ठेव तिकडे जाते. नागरी बँकेच्या ठेवदराला खालून टेकू देणारी ही स्पर्धा कोणत्याच सरकारी तक्त्यात दिसत नाही. तुमच्या अभ्यासात ती आणता आली तर तेच तुमचं खरं योगदान ठरेल.

तिसरं दार पीककर्जाचं, आणि तिथे शेतकऱ्याच्या बाजूनं रेपो पोहोचतच नाही. ३ लाखांपर्यंतचं अल्पमुदतीचं पीककर्ज ७ टक्क्यांनी दिलं जातं. वेळेत फेडलं की केंद्राचा ३ टक्के परतावा मिळून ते ४ टक्क्यांवर येतं, आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे नियमित फेडणाऱ्याला शून्य टक्क्यानं पडतं. रेपो ४ असो की साडेसहा, सोसायटीच्या सभासदाला फरक नाही. पण बँकेला आहे. कर्जदर बांधलेला, केंद्राचं बँकेला मिळणारं व्याज अनुदान ठरावीक, आणि ठेवींचा खर्च रेपोच्या मागोमाग वाढतो. दर चढतात तेव्हा जिल्हा बँकेचा पीककर्जावरचा नफा आक्रसतो, आणि राज्याचं अनुदान उशिरा आलं तर तो आणखी आक्रसतो. त्यामुळे परिणाम शोधायचा असेल तर व्याजदरात शोधू नका. बिगरशेती कर्जाचं प्रमाण, कारखान्यांना दिलेलं माल तारण कर्ज आणि नव्या सभासदांना मिळालेली मंजुरी यांत शोधा. व्याजदर न हलता कर्जाची रचना हलते.

साखर कारखान्यांच्या कर्जाबद्दल एक सावधगिरी. माल तारण कर्ज गोदामातल्या साखरेच्या पोत्यांवर, बँकेनं ठरवलेल्या मूल्यांकनाच्या ठरावीक टक्क्यांनी मिळतं. गाळप चालू असताना ते फुगतं आणि साखर विकली जाते तसं उतरतं. ते साठ्याचं आणि भावाचं चित्र आहे, धोरणाचं नाही. तिमाही मालिकेतून हंगामी घटक काढला नाही तर ऑक्टोबर-मार्चमधली वाढ तुम्ही रेपोच्या खात्यावर जमा कराल. आणि शाखा कुठे, पैसा कुठे हा भेदही आहे : मोठं कर्ज पुण्या-मुंबईच्या शाखेतून मंजूर होऊन कारखाना वाळव्यात असू शकतो. रिझर्व्ह बँकेच्या वार्षिक खातेनिहाय विवरणात मंजुरीच्या जागेनुसार आणि वापराच्या जागेनुसार असे दोन्ही आकडे असतात. वापराचा आकडा घ्या.

आता दराच्या चलाकडे. रेपो दर तसाच्या तसा वापरणं ही दुसरी मोठी चूक. रिझर्व्ह बँकेचं दैनंदिन लक्ष्य भारित सरासरी कॉल दर असतं, आणि तो नेहमी रेपोजवळ नसतो. २०२० च्या मे महिन्यापासून २०२२ च्या मे महिन्यापर्यंत रेपो ४ टक्क्यांवर स्थिर होता, पण बाजारात पैसा इतका होता की खरा दर ३.३५ टक्क्यांच्या रिव्हर्स रेपोकडे (बँकांनी रिझर्व्ह बँकेकडे ठेवलेल्या पैशावरचा दर) झुकला होता. त्या काळात रेपोची रेषा सपाट दिसते आणि प्रत्यक्ष स्थिती सैल असते. म्हणून कॉल दर घ्या. रिझर्व्ह बँकेच्या मौद्रिक धोरण समितीच्या निर्णयाची बाजाराला आधीच अपेक्षा होती का, हे वेगळं करायचं असेल तर निर्णयाच्या दिवशी ओआयएस दरात (पुढच्या काळातल्या रात्रभरच्या दराबद्दल बाजाराची अपेक्षा दाखवणारा दर) झालेला बदल घ्या.

वार्षिक अहवालांवर काम करताना वर्षअखेरचा रेपो लावू नका. २०२२-२३ चं उदाहरण पाहा. वर्षाच्या सुरुवातीला ४ टक्के, अखेरीला ६.५०. बदल अडीच टक्के दिसतो. पण ४ मे, ८ जून, ५ ऑगस्ट, ३० सप्टेंबर, ७ डिसेंबर आणि ८ फेब्रुवारी या तारखांनुसार दिवसांची भारित सरासरी काढली तर ती साधारण ५.५० येते. आदल्या वर्षाची सरासरी ४. म्हणजे बँकेच्या त्या वर्षाच्या नफा-तोटा पत्रकाला जाणवलेला बदल दीड टक्क्याचा. उरलेला एक टक्का २०२३-२४ च्या पत्रकात येतो, जेव्हा रेपो वर्षभर अजिबात हललेला नसतो. हे नीट केलं नाही तर 'दर न बदलताही बँकांचा खर्च वाढला' असा विचित्र निकाल येतो. आणि लक्षात ठेवा, फेब्रुवारी २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या दोन वर्षांत रेपोत काहीच बदल नाही. तुमची मालिका याच काळाभोवती असेल तर मोजायला फारसं काही उरत नाही. मालिका निदान २०११ पासून घ्या आणि २०२५ मधली कपात (६.५० वरून डिसेंबरपर्यंत ५.२५) आत येऊ द्या.

नागरी बँकांचे अहवाल वार्षिक सर्वसाधारण सभेपूर्वी, म्हणजे बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, छापून सभासदांना जातात. जुने अहवाल मुख्य कार्यालयात मागितले तर मिळतात, काही वाचनालयांतही असतात. त्यातून चार गोष्टी उचला : ठेवींची विभागणी, कर्जावर मिळालेलं व्याज, ठेवींवर दिलेलं व्याज, आणि एनपीए, म्हणजे थकलेली कर्जं. सरासरी कर्जदर काढताना मिळालेलं व्याज भागिले सुरुवातीच्या आणि अखेरच्या कर्जाची सरासरी, हे सूत्र सगळे वापरतात. पण एनपीएवरचं व्याज वसूल झाल्याशिवाय उत्पन्नात धरत नाहीत. सरासरी कर्ज ६५ कोटी, मिळालेलं व्याज साडेसहा कोटी, तर दर १० टक्के दिसतो. त्यात ५ कोटी एनपीए असतील तर चालू कर्जदाराकडून बँक प्रत्यक्षात ६० कोटींवर साडेसहा कोटी, म्हणजे १०.८३ टक्के घेते आहे. एनपीए वाढलेल्या वर्षी तुमच्या हिशेबात दर 'उतरतो', आणि तो धोरणाचा परिणाम समजला जातो. भाजक बदला. ताळेबंदात दोन्ही बाजूंना येणारा थकीत व्याजाचा आकडाही एकूण मालमत्तेतून वजा करा, नाहीतर आजारी बँक मोठी दिसते.

सहकारी बँकेच्या कर्जदराला आणखी एक पदर आहे, तो म्हणजे भागांचा. कर्जदाराला तारणी कर्जावर साधारण अडीच टक्के आणि विनातारणी कर्जावर ५ टक्के भाग घ्यावे लागण्याची प्रथा आहे. १० लाखांच्या तारणी कर्जावर २५ हजार भागांत गेले, हातात ९ लाख ७५ हजार आले, व्याज ११ टक्क्यांनी १ लाख १० हजार. खरा दर ११.२८. भागांवर ८ टक्के लाभांश मिळाला तर २ हजार परत आले आणि दर ११.०८ वर आला. म्हणजे लाभांश बंद झाला की कर्ज महाग होतं, जाहीर दर तोच असला तरी. व्यापारी बँकेशी तुलना करताना हा हिशेब आवश्यक.

प्रतिरूपाची मांडणी अशी करा. एकक बँक, किंवा मिळाले तर बँक-तालुका. डावीकडे कर्जाच्या वाढीचा दर आणि, वेगळ्या समीकरणात, सरासरी कर्जदर. उजवीकडे प्रत्येक बँकेसाठी एक स्थिर घटक, प्रत्येक कालखंडासाठी एक स्थिर घटक, आणि कॉल दरातला बदल गुणिले बँकेचं रचनात्मक लक्षण. कालखंडाचा घटक घातला की कॉल दर एकटा गळून जातो, कारण तो सर्वांना सारखाच असतो. राहतो तो गुणाकार, आणि तुम्हाला तोच हवा आहे : दर वाढल्यावर मुदत ठेवींवर जास्त विसंबलेली बँक इतरांपेक्षा किती वेगळी वागते. लक्षण आदल्या वर्षाचं घ्या, त्याच वर्षाचं घेतलं तर कारण आणि परिणाम गुंततात. तिमाही आकड्यांत आठ तिमाहींपर्यंतचा विलंब द्या, वार्षिक आकड्यांत दोन वर्षांचा.

कोणतं लक्षण घ्यायचं हा यातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय. अनिल कश्यप आणि जेरेमी स्टाइन यांनी २००० साली अमेरिकी बँकांवर दाखवलं की पैसा आवळल्यावर कर्ज आखडतात त्या प्रामुख्यानं लहान आणि रोख्यांची गंगाजळी कमी असलेल्या बँका. पुष्कळ प्रबंधांत हे 'लहान बँक म्हणजे जास्त परिणाम' असं उतरतं. आपल्याकडे ही जोडी तुटते. इथल्या अनेक लहान नागरी बँकांचं कर्ज-ठेव प्रमाण ६० ते ६५ टक्क्यांच्या आसपास असतं, उरलेला पैसा सरकारी रोख्यांत आणि इतर बँकांतल्या ठेवींत. त्या लहान आहेत पण कोरड्या नाहीत. त्यांची अडचण पैशाची नसते, चांगल्या कर्जदाराची आणि भांडवल पर्याप्ततेची (कर्जांच्या जोखमीच्या मानानं स्वतःचं भांडवल पुरेसं असण्याची) असते. म्हणून आकार आणि तरलता ही दोन स्वतंत्र लक्षणं ठेवा, आणि भांडवल पर्याप्तता तिसरं.

स्पर्धेचं लक्षण हवं असेल तर तालुकावार हर्फिन्डाल निर्देशांक (संस्थांच्या वाट्यांच्या वर्गांची बेरीज; जितकी मोठी तितकी स्पर्धा कमी) काढा. तीन संस्थांचा ठेवींतला वाटा ५०, ३० आणि २० टक्के असेल तर वर्गांची बेरीज ०.२५ अधिक ०.०९ अधिक ०.०४, म्हणजे ०.३८. पण फक्त व्यापारी बँका धरल्या तर जत किंवा आटपाडीत एखाद-दुसऱ्या बँकेची मक्तेदारी दिसेल, आणि जिल्हा बँक, पतसंस्था धरल्या की ती विरघळेल. खानापूर तालुक्यात तर आणखी काळजी घ्या. विट्याकडच्या ठेवींत देशभर पसरलेल्या गलाई (सोनं-चांदी गाळण्याच्या) व्यावसायिकांनी घरी पाठवलेला पैसा असतो. तो सोन्या-चांदीच्या धंद्याच्या तालावर येतो, स्थानिक पावसाच्या किंवा रेपोच्या नव्हे.

नैसर्गिक प्रयोग (संशोधकानं न घडवता आपोआप घडलेली, तुलना करता येण्याजोगी घटना) शोधत असाल तर आपल्या भागात तीन आहेत, आणि त्यांचा पुरेसा उपयोग झालेला नाही याची खंत वाटते. १९३६ साली साताऱ्यात सुरू झालेली युनायटेड वेस्टर्न बँक सप्टेंबर २००६ मध्ये मोरेटोरियमखाली (व्यवहारांवरच्या सरकारी स्थगितीखाली) आली आणि ऑक्टोबरमध्ये आयडीबीआयमध्ये विलीन झाली. १९१६ ची सांगली बँक एप्रिल २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेत गेली. सहा-सात महिन्यांच्या अंतरानं शेजारच्या दोन जिल्ह्यांनी आपापली मुख्यालय असलेली व्यापारी बँक गमावली. एक सरकारी छत्राखाली गेली, एक खासगी. ज्या गावांत या बँकांच्या शाखा होत्या आणि ज्या गावांत नव्हत्या, त्यांतल्या लघुउद्योगांच्या कर्जाची २००८ नंतरच्या दरकपातीतली तुलना करता येते. तिसरा प्रयोग नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीचा : १४ तारखेला जिल्हा बँकांना जुन्या नोटा स्वीकारायला आणि बदलून द्यायला मनाई झाली, व्यापारी बँकांना नाही. गावातला पैसा रांगेतून व्यापारी बँकेकडे वळला. जिल्हा बँकेवर विसंबलेली गावं आणि बाकीची गावं यांच्या त्यानंतरच्या ठेवींत काय झालं, हे विचारण्यासारखं आहे.

याच इतिहासामुळे गटवारीत एक खड्डा आहे. आयडीबीआय २१ जानेवारी २०१९ पासून रिझर्व्ह बँकेच्या वर्गीकरणात खासगी बँक झाली. साताऱ्यात तिच्या जुन्या शाखांचं वजन मोठं, त्यामुळे तयार गटवारीनं मालिका लावली तर त्या तिमाहीत सरकारी बँकांचं कर्ज कोसळल्यासारखं आणि खासगी बँकांचं उसळल्यासारखं दिसेल. तसंच १ जुलै २०२३ ला एचडीएफसी या गृहवित्त कंपनीची घरकर्जं एचडीएफसी बँकेतल्या विलीनीकरणामुळे बँक कर्जात आली. गट स्वतः बांधा, प्रत्येक बँक नावानिशी एका गटात कायम ठेवा.

पीककर्जाच्या वाटपाचा आकडा वापरणार असाल तर 'नवं-जुनं' विसरू नका. मार्चअखेर जुनं कर्ज भरून लगेच नवं उचललं जातं. कागदावर वसुलीही होते आणि वाटपही, शेतकऱ्याच्या हातात नवा पैसा फार थोडा येतो. वाटपाऐवजी वर्षअखेरच्या येणे बाकीतला बदल घ्या. पण येणे बाकी कर्जमाफीनं खाली येते : २००८ ची केंद्राची, २०१७ ची आणि डिसेंबर २०१९ ला जाहीर झालेली राज्याची. त्यात ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे कृष्णेचे महापूर, आणि २०२० चं हप्ते स्थगितीचं अर्धं वर्ष. पूर आलेल्या मिरज, पलूस, वाळवा, शिराळा या तालुक्यांसाठी त्या वर्षांचे वेगळे सूचक चल ठेवा. नाहीतर बाह्य मानदंड लागू झाल्याचा परिणाम आणि पुराचा परिणाम लागोपाठच्या तिमाहींत एकमेकांत अडकतो, कारण दोन्ही २०१९ च्या उत्तरार्धातलेच.

शेवटी संख्येची मर्यादा. वीस-पंचवीस बँका आणि दोन जिल्हे असताना नेहमीची प्रमाण त्रुटी फसवी लहान येते. बँकनिहाय गट धरून वाइल्ड बूटस्ट्रॅप (उपलब्ध आकड्यांतूनच पुन्हा पुन्हा कृत्रिम नमुने बनवून त्रुटी मोजण्याची पद्धत) वापरा आणि विश्वासार्हता मर्यादा छापा. नुसते सार्थकता दाखवणारे तारे छापू नका. बंद पडलेल्या किंवा विलीन झालेल्या नागरी बँकाही, त्यांचे अहवाल मिळतील त्या वर्षापर्यंत, नमुन्यात राहू द्या. फक्त टिकलेल्या बँका घेतल्या तर सहकार आहे त्यापेक्षा मजबूत दिसतो. सुरुवात मात्र समीकरणापासून करू नका. एक तालुका निवडा, वाळवा किंवा तासगाव, आणि तिथल्या प्रत्येक कर्ज देणाऱ्या संस्थेसमोर तीन रकाने भरा : पैसा कुठून आणते, कर्जदर कशाला बांधलेला आहे, आणि तो किती दिवसांनी बदलतो.